नेहमीचा स्वभाव सांगणार कोण?

टोकियोच्या एदोगावा प्रभागातील हिगाशी-कसाई आणि शेजारचे निशी-कसाई येथे २००० सालच्या सुमारास संगणक अभियंत्यांची भारतीय वस्ती वाढू लागली. पुढे तेथे भारतीय शाळा आल्या, आणि २०१९ मध्ये मराठी भाषक योगेंद्र पुराणिक एदोगावाच्या प्रभागसभेवर निवडूनही आले. अशा वस्तीत भावस्थितीचे विकार, म्हणजे मन दीर्घकाळ खिन्न किंवा अवाजवी उत्तेजित राहण्याचे आजार, ओळखणे अवघड जाते, आणि त्याचा सगळा दोष जपानी भाषेच्या माथी मारता येत नाही.

हे विकार सिद्ध करणारी रक्ततपासणी नाही; थायरॉइडची चाचणी होते ती दुसरे कारण वगळण्यासाठी. निदान उभे राहते ते माणसाच्या नेहमीच्या स्वभावात काय बदलले आणि केव्हापासून, या हकिगतीवर. नैराश्याच्या प्रचलित निकषांत खिन्नता किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी एक लक्षण आणि झोप, भूक, एकाग्रता, अपराधी भावना, मृत्यूचे विचार अशी इतर धरून किमान पाच लक्षणे सलग दोन आठवडे दिसावी लागतात. मुलांत मात्र खिन्नतेच्या जागी चिडचिडच पुढे येऊ शकते; पोट दुखते म्हणून शाळा टाळणारे आणि दप्तर भिरकावणारे मूल ‘नव्या देशात रुळतंय अजून’ म्हणून महिनोन्महिने दुर्लक्षित राहते, तर घरातील मोठे माणूस डोके जड झाल्याची तक्रार घेऊन आधी साध्या डॉक्टरकडेच जाते.

उलट टोकाची चूकही घडते. अमेरिकेत १९९० नंतर चिडखोर मुलांवर द्विध्रुवीय विकाराचा, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येण्याचा, शिक्का इतक्या सढळपणे बसू लागला की २०१३ च्या निदानपुस्तिकेत सततची चिडचिड आणि वारंवारचे उद्रेक यांसाठी स्वतंत्र निदान करावे लागले.

प्रौढांतील सौम्य उन्माद तर रुग्णाला आजार वाटतच नाही: चार दिवस झोप कमी, बोलणे भरभर, खर्च हात सैल सोडून, आणि कचेरीत मात्र उत्साहाचे कौतुक. डॉक्टरकडे तो येतो खिन्नतेच्या काळात. तेव्हा मागचा उन्माद कोणी सांगितला नाही, तर नुसते नैराश्यावरचे औषध सुरू होऊन काहींत उन्माद उसळतो. तो सांगू शकणारी थोरली बहीण किंवा मामा बहुधा साताऱ्यात असतात, आणि ‘आजोबांचं मधूनच डोकं फिरायचं’ हा आनुवंशिकतेचा महत्त्वाचा धागा लग्नाच्या बोलण्यांपासूनच दडवलेला असतो. म्हणून तपासणीच्या वेळी, रुग्णाची संमती घेऊन, गावाकडे फोन लावणे हा सोपस्कार न मानता निदानाचाच भाग मानावा लागतो.