तमाशाच्या फडातील नटाचे शिक्षण

जुन्नर तालुक्यात आळ्यापासून जवळच असलेले नारायणगाव हे तमाशाच्या फडांचे प्रमुख केंद्र होय. पाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या पडतात व गावोगावचे लोक यात्रांसाठी सुपारी देऊन जातात.

नटाचे शिक्षण परंपरेने फडातच होत आले आहे. नवखा गडी प्रथम सुरत्या म्हणून मागे उभा राहतो व पुढच्या गायकाची ओळ झेलून झील धरतो. या श्रवणाने चाल, ताल व बोली त्याच्या अंगी मुरतात. पुढे त्याला वगात किरकोळ सोंग मिळते. वगाचे कथानक ठरलेले असले, तरी जुन्या रीतीत संवाद बहुधा लिहिलेले नसत. सोंगाड्याचा प्रश्न कोणत्या वळणाने येईल हे ठाऊक नसताना, पात्राची भाषा न सोडता तत्काळ उत्तर देणे, हीच नटाची खरी परीक्षा होय. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) लहानपणापासून घरच्या फडात अशाच घडल्या.

म्हणूनच एखादा फड मोडला, की नटांच्या उपजीविकेबरोबर त्याच्या वगांचे संवादही लोपतात. कारण नटांच्या स्मरणाखेरीज त्यांची पोथी अन्यत्र नसते.