गोठलेला खांदा : स्वरूप, कारणे व उपचार

प्रस्तावना :
रेवदंडा हे रायगड किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या वाड्यांचे व मासेमारीचे गाव होय. जाळे ओढणे, मासळीची पाटी डोक्यावर चढविणे, वाडीतील कामे करणे यांसाठी खांदा मोकळा फिरणे आवश्यक असते. अशा ठिकाणी खांदा आखडणे म्हणजे रोजगारावरच आघात ठरतो. कष्टाचे दुखणे समजून ते अंगावर काढले गेल्यास मूळ कारण दडून राहते.

स्वरूप :
या विकारात खांद्याच्या सांध्याभोवतीचे वेष्टन सुजते, जाड होते व आकसते. १९३४ मध्ये अमेरिकन शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी त्यास 'फ्रोझन शोल्डर' असे संबोधले. प्रथम तीव्र, विशेषतः रात्रीची वेदना, नंतर ताठरपणा, शेवटी हालचालीचे हळूहळू पुनरागमन, अशा तीन अवस्था साधारणतः एक ते तीन वर्षे चालतात. दुसऱ्याने उचलूनही हात पूर्ण वर जात नाही, ही याची प्रमुख खूण होय. कंडरा फाटल्यास मात्र रुग्णाला स्वतः हात उचलणे कठीण जाते. दुसऱ्याच्या आधाराने तो बहुधा वर जातो.

कारणे :
हा विकार ४० ते ६० या वयोगटात व स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. मधुमेह, थायरॉइडचे विकार तसेच अस्थिभंगानंतर हात दीर्घकाळ स्थिर ठेवणे ही कारणे संभवतात. भारतात १०.१ कोटी व्यक्तींना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत वर्तविण्यात आला. म्हणूनच खांदा आखडलेल्या रुग्णाची रक्तशर्करा तपासणे अगत्याचे ठरते.

उपचार :
हात पूर्णतः स्थिर ठेवणे आणि तो बळाने ओढणे, ही दोन्ही टोके हानिकारक होत. वेदनाशामक औषधे, शेक, वाकून हात लंबकाप्रमाणे झुलविणे व भिंतीवर बोटे चढविणे यांनी आरंभ करावा. प्रारंभीच्या अवस्थेत सांध्यातील स्टेरॉइडचे इंजेक्शन वेदना कमी करते. मात्र मधुमेहींची रक्तशर्करा त्यामुळे काही काळ वाढू शकते. ब्रिटनमधील ५०३ रुग्णांच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फिजिओथेरपी व स्टेरॉइड, भूल देऊन सांधा मोकळा करणे आणि दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया या तिन्ही पद्धतींची तुलना झाली. वर्षअखेर कोणतीही पद्धत रुग्णाच्या दृष्टीने लक्षणीयरीत्या सरस ठरली नाही.

निष्कर्ष :
बहुसंख्य रुग्णांस शस्त्रक्रियेची आवश्यकता भासत नाही. वेळीच निदान, मधुमेहाची तपासणी आणि सातत्यपूर्ण, सोसेल इतकाच व्यायाम ही त्रिसूत्री श्रमजीवी माणसाचा हात पुन्हा कामाला लावू शकते.