अणूचं गुपित नेमकं कुणापासून?

मुळशीकडून बावधनमार्गे पुण्यात पाषाणला यायला लागलं की संरक्षण खात्याच्या लांबच लांब भिंती सुरू होतात. आत काय चालतं याबद्दल दोन मतं हमखास ऐकू येतात. एक, आत अणुबॉम्ब बनतो. दुसरं, अणुबॉम्ब म्हणजे ट्रॉम्बे, इथे फक्त तोफा आणि दारूगोळा. दोन्ही अर्धवट. प्लुटोनियम हाताळण्याचं काम ट्रॉम्बेचं, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचं. पण बॉम्ब म्हणजे नुसतं प्लुटोनियम नव्हे. मे १९९८च्या पोखरण चाचण्यांनंतर अणुऊर्जा विभाग आणि डीआरडीओने संयुक्त निवेदन काढलं. डिटोनेटर आणि उच्च व्होल्टेजची ट्रिगर यंत्रणा तयार करणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये पाषाणच्या एआरडीई आणि एचईएमआरएल या संस्थांची नावं त्यात होती. ज्याबद्दल दबक्या आवाजात बोललं जातं, ते सरकारने स्वतःच जाहीर केलेलं होतं.

अणूच्या बाबतीत असं वारंवार होतं. लोक ज्याला गुपित समजतात ते बहुधा छापून आलेलं असतं, आणि जे खरोखर झाकलेलं असतं त्याची कुणी चौकशीही करत नाही.

भारतात ही गुप्तता बॉम्बसाठी आली, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात पोखरणच्या १९७४च्या पहिल्या स्फोटाच्या २६ वर्षं आधी, १९४८ साली, देशात एकही अणुभट्टी नसताना अणुऊर्जा कायदा झाला आणि त्यातच गोपनीयतेची कलमं होती. संविधान सभेत एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी नेमका प्रश्न विचारला: ब्रिटनमध्ये गुप्तता संरक्षणाच्या संशोधनापुरती आहे, मग आपल्याकडे शांततेच्या कामावरही ती कशाला? नेहरूंनी दिलेल्या उत्तराचा मथितार्थ असा, की या दोन्हींत फरक कसा करायचा हेच आपल्याला उमगत नाही. उत्तर प्रामाणिक होतं. पण जी रेघ ओढता येत नव्हती, तिच्या दोन्ही बाजू मग कायद्याने झाकल्या. १९६२च्या कायद्याने तर हे आवरण आणखी घट्ट केलं. त्यातलं कलम १८ सरकारला प्रकल्पांविषयीची माहिती रोखण्याचा अधिकार देत होतं. त्यात वीज देणारी अणुभट्टीही आली.

दुसरी समजूत चित्रपटांनी पोसलेली: कुठेतरी एक सूत्र आहे, ते फुटलं की कुणीही बॉम्ब करील. युरेनियमचा अणू फुटतो हे ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांनी जानेवारी १९३९मध्ये उघड छापलं. हिरोशिमानंतर आठवडाभरात अमेरिकी सरकारने स्वतःच आपल्या अणुबॉम्ब प्रकल्पाचा अहवाल प्रसिद्ध केला. तोच स्माइथ अहवाल. आणि लपवण्यानेही बातमी फुटते. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ गेओर्गी फ्ल्योरोव्ह १९४२ साली सैन्यात असताना ग्रंथालयात परदेशी नियतकालिकं चाळायला गेला, तर अणुविखंडनावरचे निबंध एकाएकी बंद झालेले. अमेरिकेत हे काम गुप्तपणे चालू आहे हे त्याने ओळखलं आणि थेट स्टालिनला पत्र लिहिलं. पुढे १९६४ ते १९६७ या काळात लिव्हरमोर प्रयोगशाळेने मुद्दाम करून पाहिलं: शस्त्रांचा काहीही अनुभव नसलेल्या, नुकतीच डॉक्टरेट मिळवलेल्या भौतिकशास्त्रज्ञांना फक्त उघड छापलेलं लिखाण दिलं. त्यांनी चालेल असा आराखडा तयार केला.

अडतं ते प्लुटोनियमसारख्या साहित्यापाशी. आणि आपल्याकडे ते साहित्य कुठून आलं, हेही गुपित नव्हतं. ट्रॉम्बेची ४० मेगावॉटची सायरस भट्टी कॅनडाच्या मदतीने उभी राहिली, जड पाणी अमेरिकेचं, आणि जुलै १९६०मध्ये ती चालू झाली. तिच्या जळलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढणाऱ्या कारखान्याचं उद्घाटन पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी जानेवारी १९६५मध्ये समारंभपूर्वक केलं.

त्यामुळे १९७४ साली कुणाला काही पत्ताच नव्हता, हेही तितकंसं खरं नाही. दिवस आणि जागा गुप्त होत्या, हेतू फारसा नव्हता. कॅनडाचे पंतप्रधान पिएर ट्रूडो यांनी १९७१ सालीच इंदिरा गांधींना सावध करणारं पत्र पाठवलं होतं. स्फोटानंतर वर्षाच्या आत राजा रामण्णा आणि आर. चिदंबरम यांनी व्हिएन्नात त्यावर शोधनिबंधही सादर केला. स्फोट ‘शांततामय’ होता म्हटल्यावर तो लपवायचा तरी कसा! खरी लपवाछपवी १९९८ची. १९९५ साली अमेरिकी उपग्रहांनी पोखरणची तयारी टिपली होती आणि चाचणी बारगळली होती. त्या अनुभवाने शहाणे होऊन १९९८ला कामं रात्री झाली आणि शास्त्रज्ञ लष्करी वेशात वावरले.

आता सर्वांत पक्का गैरसमज: गुप्तता शत्रूपासून असते. अणुऊर्जा नियामक मंडळाचे अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांच्या काळात, १९९५ साली, मंडळाने देशातल्या अणुप्रकल्पांच्या सुरक्षेबाबत एक अहवाल तयार केला. त्यात १३० त्रुटी नोंदवल्या होत्या. सरकारने कलम १८ लावून तो गोपनीय ठरवला. पीयूसीएल ही नागरी हक्क संघटना आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यांना बॉम्बचा आराखडा नको होता. भट्टीच्या आसपास राहणाऱ्यांना धोका किती, एवढंच विचारायचं होतं. याचिका फेटाळली गेली. जानेवारी २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कलम १८ वैध ठरवलं: माहितीचा अधिकार आहे, पण तो निरपवाद नाही. अशा अहवालावरून अणुसाहित्याच्या व्यवहाराचा अंदाज बांधता येईल, हे सरकारचं म्हणणं न्यायालयाला पटलं. मला ते अर्धंच पटतं. साहित्याचे आकडे झाकून त्रुटींची यादी देता आली असती.

त्यातून त्या काळी नियामक मंडळ ज्या अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होतं, त्याचा अध्यक्ष हाच अणुऊर्जा विभागाचा सचिव असे, म्हणजे ज्याची तपासणी करायची त्याचाच प्रमुख. २००० साली तर भाभा अणुसंशोधन केंद्रच मंडळाच्या देखरेखीतून बाहेर काढलं गेलं आणि त्याच्या सुरक्षेची तपासणी केंद्राच्याच अंतर्गत व्यवस्थेकडे सोपवली गेली. शस्त्रांचं काम तिथे चालतं हे खरंच. पण कर्करोगाच्या उपचारासाठीची किरणोत्सारी द्रव्यं आणि महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचं टीएजी-२४ हे भुईमुगाचं वाणही त्याच संस्थेचं.