हलका लॅपटॉप निवडताना : वजन यंत्राचे मोजावे की पिशवीचे?

नवी दिल्ली : कामानिमित्त महिन्यातून चार-सहा वेळा प्रवास करणाऱ्यांसाठी लॅपटॉपचे वजन ही आता केवळ सोयीची बाब राहिलेली नाही. देशांतर्गत विमानप्रवासात इकॉनॉमी वर्गातील प्रवाशाला हातातील सामानासाठी साधारणपणे ७ किलोंची मर्यादा असते. दोन दिवसांचे कपडे, कागदपत्रे, मालाचे नमुने आणि संगणक हे सारे त्यात बसवायचे असल्यास प्रत्येक शंभर ग्रॅमचा हिशेब ठेवावा लागतो. त्यामुळे सुमारे एक किलो वजनाच्या लॅपटॉपकडे ग्राहकांचा ओढा वाढणे स्वाभाविक आहे.

मात्र, दुकानातील पाटीवर छापलेले वजन आणि प्रत्यक्षात खांद्यावर येणारे वजन यांत बरेच अंतर असते. शिवाय वजन घटवण्यासाठी उत्पादकाने काय वगळले, हे खरेदीनंतर लक्षात आले तर त्यावर सहसा उपाय उरत नाही. कारण अतिहलक्या लॅपटॉपमधील अनेक भाग नंतर बदलता येत नाहीत. पुढील चार-पाच वर्षांच्या कामाचा आधार ठरणारी ही खरेदी करताना कोणत्या गोष्टी तपासाव्यात, याचा हा आढावा.

अकरा किलोंपासून एक किलोपर्यंत

१९८१ मध्ये बाजारात आलेल्या 'ऑसबोर्न १' या वाहून नेता येणाऱ्या संगणकाचे वजन सुमारे ११ किलो होते. त्यात बॅटरी नव्हती. प्रवाशाने तो मुक्कामी पोहोचून विजेच्या सॉकेटला जोडावा, अशी अपेक्षा होती. पुढच्याच वर्षी आलेल्या 'ग्रिड कंपास'चे कवच मॅग्नेशियमचे होते. वजन निम्म्यावर आलेले हे यंत्र पुढे अमेरिकेच्या अवकाशयानातही वापरले गेले. जानेवारी २००८ मध्ये ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून 'मॅकबुक एअर' बाहेर काढला, तेव्हा त्याचे वजन १.३६ किलो होते. २०११ मध्ये इंटेलने 'अल्ट्राबुक' ही संकल्पना मांडल्यानंतर विंडोज लॅपटॉपच्या उत्पादकांमध्येही सडपातळ यंत्रांची स्पर्धा सुरू झाली. आज १३ ते १४ इंची पडद्याचे, १.२ ते १.४ किलो वजनाचे लॅपटॉप सर्रास मिळतात आणि काही यंत्रे एक किलोच्याही आत आली आहेत.

वजन कमी होते ते कशामुळे?

पहिले कारण म्हणजे कवच. ॲल्युमिनियमची घनता प्रति घन सेंटिमीटर सुमारे २.७ ग्रॅम, तर मॅग्नेशियमची सुमारे १.७४ ग्रॅम असते. म्हणजे तेवढ्याच आकाराचे मॅग्नेशियमचे कवच एक तृतीयांशाहून अधिक हलके भरते. कार्बन फायबरचाही वापर याच कारणासाठी होतो. मॅग्नेशियम मिश्रधातूचे कवच हाताला अनेकदा प्लास्टिकसारखे लागते आणि दाबल्यास किंचित लवते. तेवढ्यावरून यंत्र कमअस्सल ठरवू नये.

दुसरे कारण म्हणजे बॅटरी. ती यंत्रातील सर्वांत जड भागांपैकी एक असल्याने वजनाच्या शर्यतीत अनेकदा तिलाच कात्री लागते. तिसरे कारण म्हणजे पोर्टची संख्या आणि मदरबोर्डची रचना. रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केल्याने जागा आणि वीज वाचते, पण ती पुढे वाढवता येत नाही. त्यामुळे आज आठ जीबी रॅम घेऊन 'नंतर वाढवू' असा विचार केला, तर तो बहुतेकदा अमलात आणता येत नाही. कार्यालयीन कामासाठी १६ जीबी रॅम खरेदीच्या वेळीच घेणे हिताचे ठरते. साठवणुकीची एसएसडी काही यंत्रांत बदलता येते, काहींत नाही. हे विक्रेत्याकडून आधीच स्पष्ट करून घ्यावे.

संपूर्ण पिशवीचा हिशेब

उदाहरणादाखल दोन प्रवाशांची तुलना करता येईल. पहिल्याकडे ९८० ग्रॅमचा लॅपटॉप आहे. पण सोबत जुन्या पद्धतीचा ३५० ग्रॅमचा चार्जर आणि प्रोजेक्टर जोडण्यासाठी ८० ग्रॅमचा हब बाळगावा लागतो. एकूण भार १,४१० ग्रॅम. दुसऱ्याकडील लॅपटॉप १,२४० ग्रॅमचा आहे. मात्र तो १२० ग्रॅमच्या टाइप-सी चार्जरवर चालतो, त्याच चार्जरवर फोनही चार्ज होतो आणि एचडीएमआय पोर्ट यंत्रातच आहे. त्याचा एकूण भार १,३६० ग्रॅम. पाटीवर अडीचशे ग्रॅमहून अधिक जड दिसणारे यंत्र प्रत्यक्षात हलके ठरते.

हा फरक पडतो तो प्रामुख्याने चार्जरमुळे. गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकावर आधारित चार्जर आकाराने लहान असतात. यूएसबी पॉवर डिलिव्हरी या प्रमाणानुसार टाइप-सी केबलमधून पूर्वी १०० वॅटपर्यंत वीज देता येत असे. २०२१ मधील सुधारणेनंतर ही मर्यादा २४० वॅटपर्यंत गेली. हलक्या लॅपटॉपला सहसा ४५ ते ६५ वॅट पुरतात. मात्र टाइप-सी आकाराचे प्रत्येक पोर्ट यंत्र चार्ज करतेच असे नाही. काही केवळ माहितीच्या देवाणघेवाणीसाठी असतात. शक्य असल्यास लॅपटॉपच्या दोन्ही बाजूंना चार्जिंगची सोय असलेले यंत्र निवडावे. सॉकेट कोणत्या बाजूला मिळेल, हे प्रवासात आपल्या हाती नसते. सुटा चार्जर घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीचे चिन्ह असल्याची खात्री करावी.

बॅटरीचे तास : दावा आणि वास्तव

बॅटरीची क्षमता वॅट-तासांत मोजतात. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की ती मिळते. ११.४ व्होल्ट आणि ५,००० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ५७ वॅट-तास. लेखन, ईमेल अशा कामांत यंत्राने सरासरी ६ वॅट वीज घेतली, तर ही बॅटरी साडेनऊ तास चालेल. पडद्याचा प्रकाश वाढवून दृक्‌श्राव्य बैठक सुरू केली आणि वापर १२ वॅटवर गेला, तर तीच बॅटरी पावणेपाच तासांत संपेल. जाहिरातींतील तास अनेकदा मंद प्रकाशात चित्रफीत सलग चालवून मोजलेले असतात. शिवाय लिथियम-आयन बॅटरीची क्षमता वापरानुसार घटत जाते. ती ८० टक्क्यांवर आली की मूळचे साडेनऊ तास सुमारे साडेसात उरतात. म्हणूनच गरजेपेक्षा किमान दोन-तीन तास अधिक चालणारे यंत्र घेणे श्रेयस्कर.

रेल्वेने प्रवास करणाऱ्यांसाठी हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. आगीचा धोका टाळण्यासाठी रेल्वेच्या डब्यांतील चार्जिंग सॉकेट रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत बंद ठेवण्याची पद्धत आहे. रात्रीच्या गाडीने इचलकरंजीच्या परिसरातून मुंबई गाठून सकाळी खरेदीदारासमोर मालाचे दर मांडणाऱ्या कापड व्यापाऱ्याने सॉकेटवर विसंबून राहणे धोक्याचे ठरू शकते.

विमानप्रवासात १०० वॅट-तासांपर्यंतच्या लिथियम बॅटरीला विशेष परवानगी लागत नाही. १०० ते १६० वॅट-तासांसाठी विमान कंपनीची पूर्वपरवानगी आवश्यक असते. हलक्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या या मर्यादेत सहज बसतात. पॉवर बँक मात्र नोंदणीकृत सामानात टाकता येत नाही, ती हातातील सामानातच ठेवावी लागते. ३.७ व्होल्टच्या हिशेबाने २०,००० मिलीअँपिअर-तासांची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची ठरते.

उष्णता, पडदा आणि मजबुती

अनेक उत्पादक लॅपटॉपच्या वापरासाठी कमाल ३५ अंश सेल्सिअस तापमानाची शिफारस करतात. मे महिन्यात नागपूर, दिल्ली किंवा जयपूरचा पारा त्याच्या कितीतरी वर जातो. पंखा नसलेली यंत्रे शांत आणि हलकी असतात. पण सलग जड काम करताना तापल्यावर ती स्वतःचा वेग कमी करतात. ईमेल आणि सादरीकरणापुरते काम असलेल्यांना याची अडचण भासणार नाही. मोठ्या तक्त्यांवर किंवा चित्रफितींवर तासन्‌तास काम करणाऱ्यांनी मात्र पंखा असलेले यंत्र पाहावे.

खिडकीजवळच्या आसनावर काम करणाऱ्यांना किमान ४०० निट्स प्रकाशाचा आणि चकाकी नसलेला पडदा उपयुक्त ठरतो. १६:१० प्रमाणाच्या पडद्यावर तक्त्याच्या काही ओळी अधिक दिसतात. मजबुतीबाबत 'एमआयएल-एसटीडी-८१०एच' या अमेरिकी लष्करी मानकाचा उल्लेख जाहिरातींत वारंवार आढळतो. मात्र त्यातील कोणत्या चाचण्या घ्यायच्या, हे उत्पादक स्वतः ठरवू शकतो. त्यामुळे केवळ नाव न पाहता कोणत्या चाचण्या घेतल्या, हे विचारणे योग्य.

यंत्र हरवले तर?

विमानतळावरील सुरक्षा तपासणीत लॅपटॉप पिशवीतून काढून ट्रेमध्ये ठेवावा लागतो आणि घाईत तो तिथेच राहून जाण्याची शक्यता असते. यंत्राची किंमत विम्यातून मिळू शकेल, पण त्यातील ग्राहकांची माहिती परक्या हाती पडल्यास होणारे नुकसान भरून येत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार माहितीच्या सुरक्षेसाठी पुरेशी खबरदारी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यामुळे विंडोजमधील 'बिटलॉकर' किंवा मॅकमधील 'फाइलव्हॉल्ट' ही सांकेतीकरणाची सोय पहिल्याच दिवशी सुरू करावी. बोटाच्या ठशाने उघडणारे यंत्र असल्यास गर्दीत संकेतशब्द टंकावा लागत नाही.

खर्च आणि दुरुस्ती

लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आकारला जातो. नोंदणीकृत व्यावसायिकाने कामासाठी खरेदी करताना बिलावर आपला जीएसटी क्रमांक नोंदवून घेतल्यास, पात्रतेनुसार इनपुट टॅक्स क्रेडिट मिळू शकते. खर्च वाचवण्यासाठी दिल्लीतील नेहरू प्लेस, मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा बंगळूरुतील एस. पी. रोड येथून वापरलेले यंत्र घेणाऱ्यांनी ते विंडोज ११ साठी अधिकृतपणे पात्र आहे का, हे तपासावे. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. अशा यंत्राच्या बॅटरीची शिल्लक क्षमताही पाहून घ्यावी.

दुरुस्तीसाठी तंत्रज्ञ घरी येणार की यंत्र दूरच्या शहरात पाठवावे लागणार, हे पिनकोडनुसार बदलू शकते. लातूर, बेळगाव किंवा इंदूरमधील ग्राहकाने आपल्या पिनकोडवर सेवा मिळते का, हे आधी विचारावे. परदेशातून यंत्र आणणाऱ्यांनी त्याची हमी भारतात लागू होते का, हेही पाहावे.

दुकानात जाण्यापूर्वी

नेहमीच्या प्रवासाची पिशवी भरून घरीच वजनकाट्यावर ठेवावी आणि सॉकेटविना किती तास काढावे लागतात, हे कागदावर लिहावे. दुकानात यंत्र आणि चार्जर एकत्र हातात घेऊन पाहावेत, कळफलकावर दहा मिनिटे मराठीत टंकून बघावे आणि पडदा दाराजवळच्या उजेडात तपासावा. आधी बॅटरीचे तास, मग रॅम व पोर्ट, त्यानंतर दुरुस्तीची सोय आणि या तिन्ही कसोट्यांवर उतरणाऱ्या यंत्रांतून सर्वांत हलके, या क्रमाने निवड केल्यास चूक होण्याची शक्यता कमी राहते. शंभर ग्रॅम जास्तीचे ओझे अंगवळणी पडते. खरेदीदारासमोर बसल्यावर बंद पडलेला पडदा मात्र हातचा व्यवहार घालवू शकतो.