22 दिवसांत 9 लाख वेळा

दूध काढण्याच्या यंत्रात गायीच्या अंगाला प्रत्यक्ष लागणारा भाग एकच: स्टीलच्या टीट कपच्या आत बसवलेली रबरी नळी. गोठ्यावरचे लोक तिला लायनर म्हणतात. सड या नळीत असतो. खालच्या तोंडातून सतत ओढ चालू असते, आणि नळी व कप यांच्यामधल्या पोकळीत पल्सेटर आळीपाळीने हवा सोडतो आणि काढून घेतो. हवा काढली की नळी उघडते आणि दूध येतं. हवा सोडली की नळी सडाभोवती मिटते आणि सडाच्या टोकाला साचलेलं रक्त वर सरकतं. सेकंदाला साधारण एक उघडझाप होते. त्यातले सुमारे 600 मिलिसेकंद दुधाचे, 400 विश्रांतीचे.

गाय सहा मिनिटांत पिळून होते असं धरा. म्हणजे एका धारेला 360 उघडझापा. चांगल्या रबरी लायनरचं आयुष्य उत्पादक 2,500 धारांचं सांगतात, काही रबरांचं 1,200 चंच. 2,500 ला 360 ने गुणलं की 9 लाख येतात. अंगठ्याएवढ्या जाडीची ती नळी बाद होण्याआधी 9 लाख वेळा मिटते आणि उघडते.

हा आकडा खरा जाणवतो तो मोठ्या गोठ्यात. 3,000 दुभत्या गायी, दिवसाला तीन धारा आणि 80 जागांचं फिरतं पार्लर, म्हणजे गायी उभ्या करून दूध काढायचं गोल फिरणारं पीठ, एवढा हिशेब धरू. रोज 9,000 धारा झाल्या. एका जागेच्या वाट्याला रोज 112 ते 113. या वेगाने 2,500 चा कोटा 22 दिवसांत संपतो. बावीस दिवसांनी 320 लायनर एकदम उतरवायचे आणि नवे चढवायचे. वर्षाला सव्वापाच हजार लायनर. त्यांना मिटवणारा पल्सेटर मात्र तोच असतो. तो एका जागेवर रोज 40,500 ठोके देतो, वर्षाला दीड कोटीच्या जवळ. सगळ्या गोठ्यातल्या लायनरच्या एका दिवसाच्या उघडझापा मोजल्या तर 1 कोटी 29 लाख 60 हजार भरतात, आणि त्यातली प्रत्येक एका जिवंत सडावर होते.

म्हणून या धंद्यात टिकाऊपणा वर्षांत मोजून चालत नाही. तो धारांत मोजावा लागतो.

एखादा वापरलेला लायनर उभा चिरून बघा. बाहेरून तो नव्यासारखाच दिसतो. आतल्या बाजूला बोट फिरवलं की खरखर लागते. चिरलेला तुकडा उलटा वाकवला की सडाच्या टोकाच्या उंचीवर बारीक आडव्या भेगा उघडतात. दुधातली चरबी रबरात मुरलेली असते, त्याने रबर फुगतं आणि मऊ पडतं. दर पाळीनंतर गरम पाण्यातला अल्कली आणि आम्ल फिरतं, त्याने ते कडक होतं. वर रोजची ओढाताण. ताण गेलेली नळी नीट मिटत नाही, सडाला विश्रांती मिळत नाही आणि भेगांत बसलेले जंतू धुण्याच्या पाण्याला दाद देत नाहीत. मग एका गायीची दगडी, म्हणजे कासेची सूज, दुसऱ्या गायीला लागते. लायनर फाटेपर्यंत वापरणं ही काटकसर मुळीच नाही. फाटण्याच्या फार आधी तो गायीला त्रास द्यायला लागलेला असतो.

सडाची ही विश्रांती सापडायला माणसाला बराच काळ लागला. सुरुवातीची यंत्रं नुसती ओढत होती. सड सुजत, रक्त उतरे, आणि शेतकरी पुन्हा हाताने पिळायला बसत. 1890 च्या दशकात स्कॉटलंडमध्ये ओढ थांबवून-थांबवून देणारा पल्सेटर आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात अलेक्झांडर गिलीज यांनी दोन कप्प्यांचा टीट कप केला. आजचं सगळ्यात महाग यंत्रसुद्धा त्याच दोन कप्प्यांवर चालतं.

फिरत्या पार्लरची कल्पनाही जुनी आहे. 1930 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या वॉकर-गॉर्डन गोठ्यात 50 गायींचं फिरतं पीठ बसलं, त्याचं नाव रोटोलॅक्टर. ते बघायला लोक लांबून येत. पण सामान्य शेतकऱ्याला परवडेल असं फिरतं पार्लर यायला 1969 उजाडलं. न्यूझीलंडमध्ये तारानाकी प्रांतात मर्व्ह हिक्स या शेतकऱ्याने ते आपल्या गोठ्यात बांधलं. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात मंचरला भाग्यलक्ष्मी डेअरी फार्मवर असं पीठ फिरतं, एका वेळी 50 गायी घेऊन. कतारमध्ये बलदना कंपनीच्या गोठ्यात एका पीठावर 100 गायी चढतात. 2017 च्या जूनमध्ये शेजारी देशांनी कतारची नाकेबंदी केली. तोवर त्या देशाचं बहुतेक दूध बाहेरून, मुख्यतः सौदी अरेबियातून येत होतं. जुलैत 165 होल्स्टीन गायींची पहिली खेप विमानाने दोह्याला उतरली. आज त्या वाळवंटात 20 हजारांहून अधिक जनावरं आहेत.

आपल्या 80 जागांच्या पीठाकडे परत येऊ. फेरा आठ मिनिटांचा असेल तर दर सहा सेकंदांना एक गाय आत येते आणि एक बाहेर पडते. सहा सेकंदांत कास पुसायची, दुसऱ्या माणसाने चार कप चढवायचे, आणि पुढची कास समोर आलेलीच असते. पण गायीचा पान्हा या घाईला जुमानत नाही. सडाला हात लागल्यावर मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटून कासेत पोचायला आणि दूध उतरायला 60 ते 90 सेकंद लागतात. म्हणून पुसणारा माणूस आणि कप चढवणारा माणूस यांच्यात 10 ते 15 जागांचं अंतर ठेवतात. पीठाचा वेग वाढवला आणि माणसं तिथेच उभी ठेवली, तर रिकाम्या सडावर ओढ बसते. माझ्या मते फिरत्या पार्लरमधली सगळ्यात मोठी चूक हीच. तिला लागतात फक्त काही सेकंद, पण ती दिवसाला 9,000 वेळा होऊ शकते.

कासेच्या आत चाललेलं काम तर थक्क करणारं आहे. एक लिटर दूध तयार व्हायला कासेतून 400 ते 500 लिटर रक्त फिरावं लागतं. 30 लिटर देणाऱ्या गायीच्या कासेतून रोज किमान 12,000 लिटर रक्त जातं. 3,000 गायींचं मिळून 3 कोटी 60 लाख लिटर. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये एका होल्स्टीन गायीने 365 दिवसांत 78,170 पौंड, म्हणजे 35,457 किलो दूध दिलं होतं. रोजचं सरासरी 97 किलो. अशा कासेला जपणाऱ्या रबराची किंमत गाय सोडून इतर सगळ्यांना किरकोळ वाटते.

आता नजर ठेवण्याचं काम. दोन गायी असतात तेव्हा घरच्या बाईला गाय दावणीला उभी कशी आहे यावरूनच कळतं की काहीतरी बिनसलंय. 3,000 गायींत ते कोण बघणार? त्यासाठी गळ्यात पट्टा, पायात पेडोमीटर, कधी पोटात कायमचा बसणारा तापमानाचा बोलस. इस्रायलमधल्या अफिकिम किबुत्झमध्ये 1970 च्या दशकात दुधाचं इलेक्ट्रॉनिक माप सुरू झालं, आणि त्यातून पुढे गायीच्या पावलांचीही मोजणी आली.

पट्ट्यातला सेन्सर तीन दिशांची हालचाल टिपतो. सेकंदाला 10 वेळा टिपली असं धरलं तर एका गायीच्या दिवसाला 25 लाख 92 हजार नोंदी होतात. सगळ्या गोठ्याच्या 777 कोटींहून जास्त, आणि तेही एका दिवसाच्या. एवढा पसारा पाठवत बसला तर पट्ट्याची बॅटरी काही दिवसांत बसेल. म्हणून पट्टा स्वतःच हिशेब करतो: इतकी मिनिटं चरली, इतकी रवंथ केली, इतकी नुसती उभी राहिली. चांगली गाय दिवसाला सात-आठ तास रवंथ करते. मिनिटाला 60-65 वेळा जबडा हलतो, म्हणजे नुसत्या रवंथाच्या चावण्या 30 हजारांच्या घरात. हा आकडा एकाएकी उतरला की गायीचं काहीतरी दुखतंय, आणि दूध कमी होण्याआधीच ते पट्ट्याला कळलेलं असतं.

पट्ट्याची किंमत सगळ्यात जास्त वसूल होते ती माज ओळखण्यात. गाय साधारण 21 दिवसांनी माजावर येते आणि भरपूर दूध देणाऱ्या गायींत तो काही तासच टिकतो, पुष्कळदा रात्री. मुका माज असला तर डोळ्यांना दिसतही नाही. चुकला की पुढचे 21 दिवस गेले. आणि हे सगळं सांभाळणाऱ्या त्या प्लॅस्टिकच्या डबीला वर्षानुवर्षं शेण, मूत्र, अमोनियाचा वास, दाबाच्या पाण्याची फवारणी आणि लोखंडी दांड्यावर मान घासणारी पाचसहाशे किलोची गाय सोसायची असते. सॉफ्टवेअरचं कौतुक सगळीकडे होतं. मला त्या डबीचं सीलबंद झाकण जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण पाणी आत गेलं की पुढचं सगळं शून्य.

यंत्रमानवाचंही तसंच. नेदरलँड्समध्ये 1992 मध्ये पहिला व्यापारी दूध काढणारा यंत्रमानव बसला. एक यंत्र सुमारे 60 गायी सांभाळतं. दिवसाला 150 धारा धरल्या तर चार सड मिळून 600 वेळा त्याला सड शोधून कप लावावा लागतो, वर्षाला सव्वादोन लाखांच्या आसपास. त्यात लाथा बसणारच. त्या लाथा पचवूनही हात जागेवर आला पाहिजे.

दगडीचं गणित वेगळं आहे आणि ते भयंकर आहे. निरोगी कासेच्या दुधात मिलीलीटरला 2 लाखांपेक्षा कमी पेशी असतात. युरोपीय संघात दुधाची मर्यादा 4 लाखांची आहे. 100 गायींच्या गोठ्यात 99 गायी दीड लाखावर आहेत आणि एकीला दगडी होऊन ती 50 लाखांवर गेली, दूध मात्र तितकंच देते आहे असं समजा. त्या एकीमुळे सगळ्या टाकीचा आकडा जवळपास 50 हजारांनी चढतो. म्हणून दूधमापकात विजेची वाहकताही मोजतात. कासेला सूज आली की दुधात सोडियम आणि क्लोराइड वाढतं आणि त्यातून वीज जास्त वाहते. एक सड बिघडला तर काही यंत्रमानव त्या एका सडाचं दूध वेगळं काढू शकतात.

भारतात 2023-24 मध्ये 23 कोटी 93 लाख टन दूध झालं, म्हणजे दर सेकंदाला साडेसात हजार किलोंच्या वर. जगात सगळ्यात जास्त. यातलं बरंचसं दूध दोन-चार जनावरांच्या गोठ्यांतून येतं आणि हाताने पिळलं जातं. पण नगर, पुणे, सांगली, सोलापूर भागात दहा-पंधरा संकरित गायी असणाऱ्यांच्या घरी बादलीचं मिल्किंग मशीन आता सर्रास दिसतं. तिथे फिरतं पीठ नाही, पट्टे नाहीत, तरी लायनर तोच आहे आणि त्याचं आयुष्यही तेवढंच.

तुमच्याकडे 10 गायी, दोन वेळची धार आणि एकच क्लस्टर (चार कपांचा संच) असेल तर रोज 20 धारा होतात. 2,500 धारा 125 दिवसांत भरतात, चार महिन्यांत. गायी पाचच असल्या तरी सहा महिन्यांपलीकडे लायनर ठेवू नका, कारण रबर न वापरताही म्हातारं होतं. शेवटचे लायनर कधी बदलले ते आठवत नसेल, तर आजच चारही उतरवून एकदम बदला आणि तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.