परसातला डोह

पाठीला सुका भोपळा बांधून आम्ही सांगलीच्या घाटावर पोहायला शिकलो. आता भिलवडी-औदुंबरपासून इथवर कृष्णेत मगरी आहेत. नातवाला पाण्यात सोडायचा धीर होत नाही. म्हणून परसात, जमिनीवर उभा राहणारा पोहण्याचा हौद आणायचं ठरलं.

दुकानात दोन प्रकार दिसले. हवा भरायचा स्वस्त, पण त्याला बाभळीचा एक काटा पुरे. दुसरा पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेल्या जाड पीव्हीसीचा. तो घेतला. नळ्यांना जस्ताचा मुलामा आहे ना, पीव्हीसीच्या थरांमध्ये विणलेली जाळी आहे ना, एवढं आधी पाहून घेतलं.

खरी परीक्षा मात्र जमिनीची. १२ फूट व्यासाच्या हौदात अडीच फूट पाणी म्हणजे सुमारे ८,००० लिटर. वजन आठ टन! आमची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. ती फूटभर उकरून मुरूम भरला, धुमसाने चोपला, पाणसळ लावून सपाटी तपासली.

दुष्काळात जत-आटपाडीला टँकरपुढं लागणाऱ्या घागरींच्या रांगा मी पाहिल्या आहेत. त्यामुळं पाणी वरचेवर बदलत नाही. गाळणी आणि बेताचं क्लोरीन यांवर टिकवतो. पोहणं झालं की शिडी काढून ठेवतो. लहान मूल बुडायला डोह लागत नाही.

घाटावर आमच्यावर दहाजणांची नजर असे. परसात माझी एकटीच आहे. हौदाआधी तीच टिकायला हवी.