पोटातला इसबगोल, रक्तातलं कोलेस्टेरॉल

पेलाभर पाण्यात चमचाभर इसबगोल टाका आणि नुसतं बघत राहा. काही मिनिटांतच पाणी घट्ट होऊ लागतं, चमचा फिरवायला जोर लागतो. आणखी थोडं थांबून पेला तिरका केलात तर पाणी सांडत नाही, बुळबुळीत गोळाच सरकत येतो. पोट साफ व्हावं म्हणून घरोघरी घेतलं जाणारं हे साधं साल. पण ते रोज नेमाने पोटात गेलं, तर रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हणून बदनाम झालेलं कोलेस्टेरॉल, खाली येतं!

यात एवढं नवल कसलं? नवल हे, की इसबगोल जवळजवळ पचतच नाही. तोंडातून आत गेला की आतड्याच्या वाटेने बाहेर. रक्तात तो उतरत नाही. मग रक्तातल्या कोलेस्टेरॉलवर त्याची मात्रा चालते तरी कशी?

त्यासाठी आधी यकृताकडे जायला हवं. तेल-तूप पाण्यात मिसळत नाही. त्याचे बारीक थेंब करून ते पचनाजोगं करायला यकृत पित्तक्षार तयार करतं. कशापासून? चक्क कोलेस्टेरॉलपासून! आणि हा माल यकृत वाया जाऊ देत नाही. काम झालं की लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात सुमारे 95 टक्के पित्तक्षार पुन्हा शोषले जातात आणि यकृतात परततात. पूर्वी दूध केंद्रावर रिकामी काचेची बाटली परत द्यायची आणि भरलेली घ्यायची, तसाच हा व्यवहार. शरीरात पित्तक्षारांचा साठा असतो जेमतेम काही ग्रॅम, पण तोच दिवसभरात अनेक फेऱ्या मारतो.

आणि बाटल्या परत आल्याच नाहीत तर?

इसबगोल नेमकं हेच करतो. त्याच्या चिकट गोळ्यात पित्तक्षार अडकतात आणि शौचावाटे निघून जातात. यकृताला नवे बनवणं भाग पडतं. त्यासाठी कोलेस्टेरॉल हवं, आणि ते तर रक्तातून वाहतच असतं.

ते उचलायची यकृताची सोय तर थक्क करणारी आहे. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघांनी 1970च्या दशकात अमेरिकेतल्या डॅलस इथे ती शोधून काढली. काही मुलांच्या रक्तात जन्मापासूनच कोलेस्टेरॉल कैक पटींनी जास्त असतं आणि त्यांना कोवळ्या वयात हृदयविकाराचा झटका येतो. असं का, याचा माग काढताना त्यांना पेशींच्या पृष्ठभागावरचे ग्राहक रेणू सापडले. एलडीएलच्या एका कणात कोलेस्टेरॉलचे दीड हजारांच्या आसपास रेणू असतात. ग्राहक रेणू तो अख्खा कण धरून पेशीत ओढतो, आत सोडतो आणि रिकामा होऊन पुन्हा पृष्ठभागावर येतो. एका फेरीला लागतात साधारण दहा मिनिटं! त्याचं आयुष्य सुमारे वीस तासांचं, तेवढ्यात शंभराहून जास्त फेऱ्या. त्या मुलांमध्ये हे रेणूच सदोष किंवा गायब होते. या शोधाला 1985 साली नोबेल मिळालं.

कोलेस्टेरॉलची चणचण भासली की यकृत असे ग्राहक रेणू वाढवतं आणि रक्तातलं एलडीएल उपसू लागतं. उलट आहारात तूप, लोणी, साय, वनस्पती तूप यांतली संपृक्त चरबी फार झाली की या ग्राहक रेणूंचं काम मंदावतं. एलडीएल रक्तातच रेंगाळतं, रोहिणीच्या भिंतीत शिरतं आणि तिथे थर साचू लागतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य रोहिण्या असतात अवघ्या तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या. तिथे किती थर परवडणार?

चिकट तंतूंचा हा गुण एकट्या इसबगोलाचा नाही. ओट्स आणि बार्लीतलं बीटा-ग्लुकान रोज 3 ग्रॅम पोटात गेलं तरी परिणाम दिसतो. राजमा आणि भिजवल्यावर बुळबुळीत होणारे मेथीदाणे याच कुळातले. एलडीएल साधारण 5 ते 10 टक्के उतरतं. म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करायची नाही. शिवाय इसबगोल भरपूर पाण्याबरोबर आणि इतर औषधांपासून अंतर ठेवूनच घ्यायचा.

अन्न अंगी लागलं तरच ते कामाचं, असं आपण धरून चालतो. हृदयाचा हिशेब मात्र सांगतो की अंगी न लागता निघून जाणारा घासही तितक्याच मोलाचा. रोजच्या ताटात त्याला हक्काची जागा द्यायलाच हवी.